वॉरंटी आहे तोवर

“काका, हा सायलेन्सर कंपनीचा नाही,” गाडीखालून बाहेर येत हृतिक म्हणाला, आणि निसीम आपटेकरांनी गाडीच्या कागदांचा फोल्डर छातीशी धरला.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी लिफ्टवर चढवून ठेवली होती. तिच्या पोटाखाली, मागच्या अंगाला, एक जाडजूड चकचकीत नळकांडं दिसत होतं. हृतिक तिथला सर्व्हिस अॅडव्हायजर, तिशीचा, बोलायला गोड. आता, नळकांडं बाहेरचं आहे हे आपटेकरांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? अहो, ते अख्ख्या नवीन पनवेलला ठाऊक होतं. गाडी सुरू झाली की तीन इमारतींखालची कुत्री उठून उभी राहायची. पण त्याचा वॉरंटीशी काही संबंध असतो, हे मात्र त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

“म्हणजे वॉरंटी गेली?” त्यांनी विचारलं.

हृतिकने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नीट समजावलं. सगळी वॉरंटी अशी एका फटक्यात जात नाही. काच अडकली, एसी बिघडला, तर कंपनी बघेलच. पण इंजिनाचं किंवा धुराच्या नळीचं काही निघालं, तर पहिलं बोट या सायलेन्सरवर ठेवलं जाणार. आज तपासणीत दिसला आहे, तेव्हा जॉबकार्डवर लिहावंच लागेल. मूळचा सायलेन्सर लावून गाडी परत दाखवली की तशी नोंद होईल आणि विषय मिटेल. एकच गोष्ट करायची नाही, ती म्हणजे कापाकापी. नळीला कटर लागला की मग माझ्याही हातात काही राहत नाही, असं त्याने दोनदा बजावलं.

आपटेकरांनी ते फोल्डरमधल्या एका पावतीच्या मागे लिहून घेतलं. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेला माणूस. सांगितलेलं लिहायचं, लिहिलेलं पाळायचं, हे अंगात मुरलेलं. बायको जोकबेद त्यावरून चेष्टा करायची. म्हणायची, तुम्हाला भूक लागली तरी आधी अर्ज लिहाल.

गाडी काही त्यांची नव्हती. ती जोएलची, एकुलत्या एका मुलाची. जोकबेद गेली त्याच्या पुढच्या वर्षी त्याने ती घेतली. गाडी दारात आली त्या दिवशी घरात मलिदा झाला, गूळखोबरं घालून पोहे कालवले, फळं मांडली, प्रेषित एलियाहू हनाबीचं नाव घेतलं. सगळं कसं बेने इस्रायली घरात होतं तसं, रीतसर. आणि दोन महिन्यांत हे एकतीस वर्षांचं घोडं कामोठ्याला जाऊन तो सायलेन्सर बसवून आलं! आपटेकर आठवडाभर बोलले नाहीत त्याच्याशी. पुढे सहाआठ महिन्यांत जोएल आणि त्याची बायको एफ्रात दोघं कायमची इस्रायलला गेली, अश्दोदला. पनवेलच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना आधीच नाकी नऊ यायचे, त्यातला एक कमी झाला.

कायमची, असं लोक म्हणत. आपटेकर म्हणत नसत. कारण विमानतळावर जोएल त्यांच्या गळ्यात पडून रडला होता आणि म्हणाला होता, “पप्पा, गाडी विकू नका हं. वॉरंटी संपायच्या आत येतो मी.”

आता विमानतळावर माणूस काहीबाही बोलतो. निघणाऱ्याला पाय उचलायचा असतो, राहणाऱ्याला धीर द्यायचा असतो. पण आपटेकर पडले खात्यातले. तारीख सांगितली की ती तारीख. त्यांनी घरी येऊन वॉरंटीचं पुस्तक उघडलं, त्यातली तारीख कागदावर लिहिली आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. दोन वर्षांनंतरचा सतरा नोव्हेंबर. तोवर गाडी नीट राहिली पाहिजे, प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर झालं पाहिजे. वॉरंटी मध्येच मोडली, तर जोएलच्या शब्दाला धरायला काही उरणार नाही, असं त्यांना वाटायचं. वेडेपणा आहे हे त्यांना कळत होतं. पण घरात दुसरं माणूसच नाही म्हटल्यावर टोकणार कोण?

बॅटरी उतरू नये म्हणून ते दर रविवारी गाडी काढून कर्नाळ्यापर्यंत जाऊन येत. अडुसष्टाव्या वर्षी, डोक्यावर टोपी, ताशी चाळीसचा वेग, आणि मागून आवाज असा की डोंगर फुटतोय. सिग्नलला बाइकवाली पोरं शेजारी येऊन अंगठा दाखवत. एकदा अभयारण्याच्या फाटकावरच्या माणसाने विचारलं होतं, आजोबा, पक्षी बघायला आलात की उडवायला? त्या दिवसापासून ते फाटकाच्या अलीकडूनच वळू लागले. त्यात सोसायटीचा सेक्रेटरी अवधूत, भला माणूस, त्याच्या घरी बाळ आलेलं. त्याने तोंडावर काही म्हटलं नाही, पण छापील पत्र दाराखालून सरकवलं. आपटेकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांची लेखी तक्रार केली होती.

तेव्हा मूळचा सायलेन्सर लावायचा, हे ठरलं. तो होता कुठे? इथे आपटेकरांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

जोएलने तो गोणपाटात गुंडाळून गॅलरीत ठेवला होता. आणि जोकबेदचा नियम असा, की पेसाहच्या सणाआधी घर झाडायचं म्हणजे खमिराचा कण शोधायचाच, पण त्याबरोबर जी वस्तू काय आहे हे सांगता येत नाही तीही घरात ठेवायची नाही. ती गेल्यावर आपटेकर हा नियम तिच्याहून कडक पाळत. मार्च-एप्रिलच्या उन्हात त्यांनी एकट्याने माळे उपसले, डबे उन्हात घातले, आणि गोणपाटातलं ते गंजकं धूड काय आहे हे सांगता न आल्यामुळे भंगारवाल्याला देऊन टाकलं. त्याने ते उचललं तेव्हा यांना घर कसं स्वच्छ झाल्यासारखं वाटलं होतं. घ्या आता.

नवा मूळ सायलेन्सर मागवायला दहाबारा दिवस लागतील, असं हृतिक म्हणाला. आपटेकरांनी तो मागवला. पण तोवर अवधूतच्या बाळाचं काय? म्हणून ते कामोठ्याला विनायककडे गेले. त्यानेच ते नळकांडं बसवलं होतं. विनायक जुन्या कामोठे गावातला, जमिनी गेल्या त्या पैशांत गॅरेज टाकलेला. त्याने आधी एक जालीम उपाय सांगितला. मध्ये नळी कापायची, एक जादा डबा वेल्ड करून टाकायचा, गाडी मांजरासारखी चालेल.

“कापायचं नाही,” आपटेकर म्हणाले.

“काका, आर्ध्या तासाचा काम हाय.”

“मला कापायचं नाही. वॉरंटी आहे तिला.”

विनायक हसला. वॉरंटीसाठी एवढा जीव टाकणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. त्याच्याकडे येणारे सगळे वॉरंटीवर पाणी सोडूनच येत. पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. मग त्याने नळीच्या तोंडात सरकवायची एक जाळीची पुंगळी आणली आणि एका बोल्टने आवळली. कापायला नको, जोडायला नको, काढायची तेव्हा बोल्ट सोडला की बाहेर. आवाज निम्मा होईल, पण फार दिवस ठेवू नका, गाडीचा दम कोंडतो, असंही त्याने सांगितलं. आणि मग म्हणाला, “आमच्या पोरांना आवाज वाढवायचा असतो. कमी करायला तुमीच पयले आलाव.”

घरी येताना आवाज खरंच निम्मा झाला होता, आणि आपटेकरांना काही ते बरं वाटेना. त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. खरं सांगायचं तर, त्या आवाजाची त्यांना सवय झाली होती. घरात पंख्याचा आणि कुकरचा सोडला तर आवाज तो कसला? रविवारी गाडीत बसून किल्ली फिरवली की तो राक्षस मागे गुरगुरायचा आणि वाटायचं, जोएल मागच्या सीटवर बसून आपल्याला चिडवतो आहे. त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

बाराव्या दिवशी सायलेन्सर आला. हृतिकने तो समोर उभं राहून बसवून घेतला, खालून फोटो काढला, नोंद केली, शिक्का मारला. गाडी खाली उतरली. आत बसलेल्या मेकॅनिकने हाताने खूण केली तरी आपटेकर वाट बघत उभे होते. गाडी सुरू झाली आहे हे त्यांना हृतिकने सांगावं लागलं. जुनं नळकांडं विनायक येऊन घेऊन गेला. त्याला लगेच गिऱ्हाईकही मिळालं म्हणे, म्हणजे पनवेलातल्या आणखी कुठल्या बापाची झोप उडाली असणार.

“आता सतरा नोव्हेंबरपर्यंत निर्धास्त राहा, काका,” हृतिक म्हणाला. आपटेकरांना एवढा आनंद झाला की त्यांनी त्या सगळ्या मंडळींना चहा पाजला.

जोएलचा फोन शुक्रवारी यायचा, इथे दिवेलागणीला, शब्बाथचा विश्रांतीचा दिवस लागायच्या आत. त्या शुक्रवारी आपटेकर फोन हातात घेऊनच बसले होते. आल्याआल्या त्यांनी सगळं सांगितलं, पेसाहची चूक, पुंगळी, शिक्का, सगळं. भंगारवाल्याचं ऐकून जोएल खूप हसला. एफ्रातला हाक मारून त्याने तिलाही सांगितलं. किती दिवसांनी ते तिघं एकत्र हसले. मग एफ्रात आत गेली.

“पप्पा, हे बरं झालं,” तो म्हणाला. “आता विकून टाका. वॉरंटी आहे तोवर लगेच जाईल.”

आपटेकरांना वाटलं, लाइन खराब आहे. लाइन चांगली होती. चौतीस वर्षांच्या कानांना तेवढं कळत होतं.

“आणि तू आल्यावर?” त्यांनी विचारलं.

“आल्यावर भाड्याने घेऊ की एखादी. दहा दिवसांसाठी गाडी कशाला ठेवायची, पप्पा?”

दहा दिवस. जोएललाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण तो घाईघाईने इकडची थंडी, तब्येत, बीपीची गोळी, असं विचारू लागला. आपटेकरांनी नीट उत्तरं दिली. शेवटी ते म्हणाले की सह्या लागतील, गाडी तुझ्या नावावर आहे. त्यावर जोएलचा आवाज अगदी खाली गेला.

“फोल्डरच्या मागच्या कप्प्यात बघा. मी निघायच्या आधीच करून ठेवल्यात.”

फोन ठेवून त्यांनी पाहिलं. खरंच होत्या. नावावर करून द्यायचे फॉर्म, प्रत्येक पानावर जोएलची वळणदार सही, तारखेची जागा तेवढी कोरी. म्हणजे विमानतळावर गळ्यात पडून रडत होता, तेव्हा हे कागद कपाटात होते. दीड वर्ष तो फोल्डर आपटेकरांनी छातीशी धरून फिरवला होता, आणि मागचा कप्पा उघडला नव्हता. कागद वाचल्याशिवाय पुढे न सरकवणारा माणूस! त्यांना जोएलचा राग आला नाही. रडणं खोटं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. सह्याही खऱ्या होत्या, एवढंच. त्यांना फार, फार एकटं वाटलं, आणि शब्बाथचा दिवा लावायला त्या दिवशी उशीर झाला.

गाडी खरोखरच पटकन गेली. कामोठ्याच्या एका इस्पितळात नर्स असलेली मनिषा आणि तिचा नवरा मिथुन पहिल्याच रविवारी बघायला आले. त्यांची ही पहिलीच गाडी. आपटेकरांनी त्यांच्यापासून काही लपवलं नाही, बाहेरच्या सायलेन्सरचंही सांगितलं आणि नव्याची पावती पुढे ठेवली. मनिषाने एकेक कागद चाळला आणि म्हणाली की एवढी नीट ठेवलेली फाइल तिने इस्पितळातसुद्धा पाहिली नाही. आपटेकरांना बरं वाटलं. फॉर्मवरच्या कोऱ्या जागेत त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात तारीख घातली.

त्यांनी किल्ली दिली, जास्तीची किल्लीही दिली. रिव्हर्स घेताना डावीकडच्या खांबाला जपा, म्हणाले. मनिषा वाकून पाया पडली. मग, तुम्ही निघा सावकाश, असं सांगून ते दोन जिने जरा भराभर चढून वर आले, गॅलरीत गेले आणि कठड्यावर हात ठेवून समोर बघत उभे राहिले.

खाली बघवत नव्हतं, म्हणून ते नुसते ऐकत होते. वेळ लागणारच. मिथुनला सीट मागे घ्यायची असेल, आरसे लावायचे असतील. ती देवाचं नाव घेत असेल. दूध घेऊन येणाऱ्याची सायकल वाजली, तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी मिक्सर लावला आणि बंद केला. आपटेकर गाडी सुरू व्हायची वाट बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी खाली पाहिलं. जागा मोकळी होती, आणि अवधूत तिथे आपली स्कूटर लावत होता.

त्याने वर बघून हात केला. “गाडी गेली का, काका? कळलंच नाही.”

“मलाही नाही,” आपटेकर म्हणाले, आणि कठड्यावरचे हात तसेच ठेवून उभे राहिले.