उठण्याआधी थोडं बसणं

बस चालवायची नोकरी संपून बरीच वर्षं लोटली, तरी त्यांची सकाळची घाई काही सुटली नव्हती. डोळा उघडला की ताडकन उठायचं, ही जन्माची सवय. हल्ली मात्र उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, भिंत धरावी लागायची. पण बायकोला सांगतील तर शपथ!

मग एका सकाळी भिंत हाताला लागलीच नाही. बायको सावरायला धावली आणि दोघंही जमिनीवर आली. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. तिचं मात्र मनगट मोडलं.

दवाखान्यात प्लास्टर घालून झाल्यावर तीच म्हणाली, "माझं झालं. आता यांना बघा. आधी पडले ते हे."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना आडवं निजवून ब्लडप्रेशर मोजलं, मग उभं करून पुन्हा मोजलं. उभं राहिल्यावर आकडा चांगलाच घसरला होता.

"हृदय बिघडलंय का?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"हृदय ठणठणीत आहे, काका. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे ओढलं जातं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला दाब कमी झाल्याचं लगेच कळतं. ती मेंदूला निरोप धाडते. मग हृदय भराभर ठोके टाकतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब सावरतो. वयाबरोबर हे काम जरा रेंगाळतं. त्यात तुमची प्रेशरची गोळीही जास्त होतेय, ती मी कमी करते. तुम्ही फक्त उठण्याआधी पलंगावर पाय सोडून थोडं बसत जा. पावलं हलवा, मग उठा."

घरी येईपर्यंत त्यांनी बायकोच्या प्लास्टरकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ते उठू लागताच तिने चांगला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "बसा."

ते बसले. पावलं वरखाली केली. वेळ जाता जाईना. शेजारी ती एका हाताने केस आवरायची धडपड करत होती.

"आण ती फणी इकडे," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वेणी घालायला घेतली.

"अहो, हळू! केस आहेत ते, स्टिअरिंग नाही!"

हात सैल झाले. तिची पाठ आपल्याकडे आहे, हे बरंच झालं असं त्यांना वाटलं. "माझ्यापायी मोडलं गं तुझं मनगट."

"मनगटाचं सोडा. तुम्ही भिंत धरता, हे मी कधीची बघत होते. आज सांगाल, उद्या सांगाल, म्हणून थांबले."

"तू घाबरशील म्हणून..."

"मग काय, नाही घाबरले?"

वेणी वाकडीतिकडी झाली. तिने ती दिवसभर तशीच ठेवली.

गोळी कमी झाली तशी अंधारी यायची थांबली. पुढे प्लास्टरही निघालं. तरी सकाळी दोघं पलंगाच्या काठावर पाय सोडून बसायचीच. पावलं हलायची, गप्पा चालायच्या.

"काय गं," एकदा त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं मी पहाटे पहिल्या बसला पळायचो. मागे तू एवढ्या लवकर उठून करायचीस तरी काय?"

ती इकडे तिकडे बघू लागली. "सांगू? रागावणार नाही ना?"

"नाही."

"तुम्ही गेलात की दार लावायचे आणि तुमच्या पांघरुणात शिरून परत झोपायचे. उबदार असायचं ते."

ते इतके हसले, की उठायला आणखी थोडा वेळ लागला.