श्रावणात बोंबील भाजणारा डबा

मी जंक्शन बॉक्स बोलतोय. नाव ऐकून दबू नका. उमरठजवळच्या एका वाडीत, महिपतरावांच्या स्वयंपाकघरात भिंतीला चिकटलेला मी प्लास्टिकचा चौकोनी डबा होतो. पोटात वायरींचे चार जोड, तोंडावर झाकण. एक बल्ब आणि एक पंखा, एवढीच माझी कर्तबगारी. मिजास मात्र अशी, की घर माझ्याच जिवावर चाललंय.

मग महिपतरावांच्या मुलाने पनवेलहून फ्रिज पाठवला. पाठोपाठ मिक्सर आला, पाणी तापवायची किटली आली. त्यांना लावायला स्वयंपाकघरात सॉकेट एकही नव्हतं. महिपतरावांनी तरुणपणी मुंबईत एकदा फ्यूज बांधला होता. तेवढ्या भांडवलावर ते वाडीचे वायरमन. शिमग्यात पालखीच्या मांडवाला रोषणाई केली होती, तिची उरलेली बारीक वायर त्यांनी काढली आणि माझ्यातूनच तीन सॉकेटं ओढली. आड येणारी अर्थिंगची हिरवी वायर कापून टाकली.

"बाबा, ती वायर लागते ना?" त्यांच्या सुनेने, श्रुतिकाने विचारलं.

"ती शोभेची. दोन वायरींवर सगळं चालतंय गो!"

वायरींची एवढी गर्दी झाली, की झाकण बसेना. मग माझ्यावर कॅलेंडर टांगलं. तेव्हाच मी ठिणगी टाकून नकार द्यायला हवा होता. पण फ्रिज माझा, मिक्सर माझा, या आनंदात मी फुगलो होतो. बेडूक फुगून बैल होत नाही, हे बेडकाला कोण सांगणार?

आषाढभर माझे जोड तापत राहिले. आमच्यासारखं प्लास्टिक भाजलं की माशासारखा वास सुटतो. पण महिपतरावांच्या बायको, रखमाबाई, रोज चुलीत सुके बोंबील भाजायच्या. त्या घमघमाटात माझा वास कुणाला कळणार?

श्रावण लागला. बोंबलांचा डबा माळ्यावर गेला. पहिल्या सोमवारी रखमाबाई आंघोळ करून नैवेद्याला आल्या आणि दारातच थबकल्या.

"बोंबील भाजलेस गो?" त्यांनी आत किटली लावून उभ्या असलेल्या श्रुतिकाला विचारलं.

"नाय ओ आई, शपथ!"

"उपासाच्या दिवशी खोटं बोलतेस? माझं नाक काय मेलं नाय. सर बाजूला. नैवेद्याला तू हात लावायचा नाय!"

पोरीच्या डोळ्यांना धार लागली. आणि खरा गुन्हेगार मी, कॅलेंडरामागे देवाच्या तसबिरीसारखा गप्प बसून होतो. एवढी लाज मला कधीच वाटली नव्हती.

श्रुतिकाने माळ्यावरचा डबा उतरवून दाखवला. फडक्याची गाठ तशीच होती. तरी रखमाबाईंचा विश्वास बसेना. मग श्रुतिकाच वास घेत भिंतीपाशी आली. किटली चालू होती. तिने काठीच्या टोकाने कॅलेंडर उचललं. मागचा कागद करपला होता आणि मी एका बाजूने वितळत होतो. ती मला शिवली नाही. ओटीवर धावली आणि मेन स्विच खाली ओढला. अजून थोडा वेळ गेला असता तर कॅलेंडरच पेटलं असतं.

महिपतराव आले. "माझं काम पक्कं हाय," म्हणता म्हणता करपलेला कागद बघून त्यांनी पोलादपूरच्या वायरमनला फोन लावला.

रखमाबाईंनी सुनेचा हात धरला. "पोरी, तुझ्यावर नको तो आळ घेतला गो. चुकलं माझं. आजचा नैवेद्य तूच कर."

"करते. तुम्ही आधी पाणी घ्या, आई."

वायरमनने मेन बंदच ठेवून, टेस्टर लावून बघून काम केलं. सॉकेटांना थेट मेन बोर्डावरून जाड वायर, भार वाढला की आपोआप पडणारा वेगळा एमसीबी स्विच, अर्थिंग, सगळं रीतसर. बल्ब-पंख्यापुरता नवा डबा बसला, झाकणासकट. मला उपटून अंगणात भंगारात टाकलं, आणि तीच माझी लायकी.

भंगारवाला यायच्या आत एवढंच सांगतो. माझ्यासारख्या डब्याच्या पोटात त्याला झेपेल तेवढंच भरा, आणि ते काम जाणत्याकडून करून घ्या. आणि घरात कसला वास आलाच, तर आधी मेन बंद करा. सुनेकडे बोट दाखवायची घाई करू नका.