तांडेलाचं बटण

राक्षसाने मान वळवली आणि तांडेल पुन्हा पडला.

पडला तो पडद्यावर. खुर्चीत तो होता तसाच बसून होता. लुळा उजवा हात उशीवर टेकवलेला, डावा माउसवर. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोच्या, जानकीच्या पडद्यावर त्याची हिरवी पट्टी रिकामी झाली होती. पट्टी रिकामी झाली की माणूस मेला, असा हा खेळ. पाच जणांची टोळी गुहेत शिरते, एक जण ढाल घेऊन राक्षसासमोर उभा राहतो, तिघे मागून वार करतात आणि पाचवी सगळ्यांना औषध देत राहते. ढाल तांडेलाची. औषध जानकीचं.

टोळीचा म्होरक्या फोंडाघाटचा मंगेश. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, तोंडाचा तिखट. आज मात्र हेडफोनमधून त्याचा आवाज मऊ आला, आणि तेच जानकीला टोचलं.

"आजोबा, राग मानू नकात. तीन रविवार झाले. साडेचारांक शेवटचो डाव खेळूया. नाय जमला तर ढालीक दुसरो बघतलव. तुमी येवा, पाठीमागे रवा."

"बरा," तांडेल अर्ध्या तोंडाने म्हणाला आणि भिंतीकडे बघू लागला.

त्या भिंतीला जानकी घाबरायची. चाळीस वर्षं होडीचा तांडेल म्हणून आठ गडी घेऊन समुद्रात गेलेला हा माणूस. एका सकाळी दात घासताना तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गेली, आणि होडी पुतण्यांकडे गेली. पहिले काही महिने पुतणे वारा विचारायला यायचे. मग मोबाइलवर वारा दिसायला लागला. तेव्हापासून कोणी घरात आलं की तांडेल तोंड भिंतीकडे करायचा. वर्षभर त्याने ती भिंत बघितली. बोटं हलती ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून सून शर्मिलाने हा खेळ आणला. कॉलेजात ती तो खेळलेली. पुढे उभं राहून सगळे मार अंगावर घ्यायचे आणि मागच्यांना जपायचं, हे तांडेलाला समजावून सांगावं लागलं नाही. टोपणनाव घ्या म्हटलं तर म्हणाला, दुसऱ्याचा नाव घेवन मी कित्याक लढू? मग खेळातही त्याचं खरंच नाव लागलं. तेव्हापासून दर रविवारी तो न सांगता दाढीला बसायचा.

आता अर्धा तास हातात होता. टोळीतली चौथी, सावंतवाडीची तेजस्वी, चहाला उठली. उरलेली शर्मिला. ती आपला लॅपटॉप सोडून सासूच्या मागे येऊन उभी राहिली. बाबा नेमके राक्षसाने मान वळवल्यावरच का पडतात, हे तिला शोधायचं होतं.

जानकीची पाच बटणं शर्मिलानेच शिकवलेली. प्रत्येक बटणामागे दोन ओळींची आज्ञा असते, तिला मॅक्रो म्हणतात. पहिल्या ओळीत औषध कोणाला द्यायचं ते, दुसरीत औषध देताना काय बोलायचं ते. पहिलं बटण दाबलं की औषध मंगेशला जायचं आणि जानकीच्या बाहुलीच्या डोक्यावर अक्षरं उमटायची, "मंगेश, औषध घे." पाचवं जानकीचं स्वतःचं. शर्मिलाने एकेक उघडून पाहिलं आणि चौथ्यावर थांबली.

"आई, हेच्यार बाबांचा नाव खंय आसा?"

त्या बटणावर जानकीने लिहिलं होतं, राक्षस ज्याला मारतो त्याला औषध दे. राक्षस तांडेलाला मारी तोवर ते ठीक चाले. पण शेवटी शेवटी राक्षस मान वळवून दुसऱ्या कोणावर थुंकतो. तेवढा वेळ जानकीचं औषध त्या दुसऱ्याला जायचं, आणि तांडेल राक्षसाच्या माराने अंगात भिनलेल्या विषाने मरायचा.

शर्मिलाच्या ध्यानात आलं. तिला हसू फुटलं. "नाव घेवचा नाय म्हणान? अवो आई, मी माज्या नवऱ्याक, सुदेशाक, दिवसातसून वीस वेळा हाक मारतंय. बघा कसो जाडो झालो तो."

मग सासूचा चेहरा दिसला आणि ती हसायची थांबली.

जानकीने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्याच्या वेळी ती रडायलाच लागली, तेव्हा बायकांनी सोडून दिलं. इस्पितळात नाव विचारलं तेव्हा तिने आधारकार्ड पुढे केलं. लोकांना ती जुन्या वळणाची वाटायची. वळण वगैरे काही नव्हतं. ती आठ वर्षांची असताना तोंडवलीच्या किनाऱ्यावर आईचा पदर धरून उभी होती. वडिलांची होडी लाटांच्या फुटीपर्यंत आली होती. आता एवढ्यात वाळूला लागेल, अशी. आईला काय झालं कोण जाणे. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तिने नवऱ्याला नावाने हाक मारली, जन्मात पहिल्यांदा. वडिलांनी मान वळवून बघितलं. हातातलं वल्हं सुटलं, होडी आडवी झाली. बाकीचे पोहून आले, वडील नाही. गाव म्हणालं, नाव घेतलंन म्हणून तो गेलो. आई म्हणायची, माज्याकडे बघलान म्हणून गेलो. काही झालं तरी हाक तिचीच होती.

हे जानकीने कोणालाही सांगितलं नव्हतं. आत्ताही सांगितलं नाही. शर्मिलाने मात्र आवाज खाली आणला. तुम्ही नका लिहू, मी लिहिते, म्हणाली.

"पण बटण दाबतलंय मीच मा," जानकी म्हणाली.

तिने तांडेलाकडे पाहिलं. दाढी केलेली हनुवटी, तिच्यावर राहून गेलेले दोन पांढरे केस, आणि भिंत. पावणेपाच वाजता हा माणूस पुन्हा त्या भिंतीचा होणार होता. मग किती वर्षं, कोणास ठाऊक.

तिने कीबोर्ड पुढे ओढला. इंग्रजी अक्षरं ती त्याच्या गोळ्यांच्या पाकिटांवरून शिकली होती. एकेक शोधत, एका बोटाने तिने लिहिलं. गणपत. मग दुसऱ्या ओळीत पुन्हा तेच, आणि पुढे "औषध". इतरांच्या बटणांवर "घे" होतं. इथे तिने "घेवा" लिहिलं. हाताचा घाम पदराला पुसला.

साडेचारला सगळे आले.

पहिला काही वेळ जुन्यासारखाच गेला. राक्षस तांडेलाला मारत होता, तांडेल ढाल पेलत होता, आणि जानकी एक, दोन, तीन करत होती. चौथ्याची पाळी आली की ती पाचवं दाबून वेळ काढायची. त्याची पट्टी अर्ध्यावर आली. विष भिनलं, तशी पाव झाली. "आजी," मंगेश म्हणाला. एवढंच.

राक्षसाने मान वळवली. तेजस्वीवर थुंकला.

जानकीने चार दाबलं.

पडद्यावर तिच्या बाहुलीच्या डोक्यावर अक्षरं आली. गणपत, औषध घेवा. आता हा वळणार. माझ्याकडे बघणार, हातातला माउस सुटणार. शेजारच्या खुर्चीकडे बघायचं धाडस तिला होईना. ती फक्त पट्टीकडे बघत राहिली.

पट्टी भरली.

तांडेलाने मान वळवली नव्हती. ढाल जागची हलली नव्हती. जानकीने पुन्हा चार दाबलं. पुन्हा. राक्षस तेजस्वीवरून मंगेशवर गेला, मंगेशवरून शर्मिलावर. शर्मिला पडली, "मी गेलंय, तुमी चालू ठेवा," म्हणाली. जानकीचं बोट चारवरून उठलं नाही. औषधाचं भांडं तळाला गेलं तेव्हा राक्षस गुडघ्यावर आला, आणि मग आडवा झाला.

"आजोबा," मंगेश म्हणाला, "फुडच्या रविवारी साडेतीनांक. वायच लवकर येवा." आवाज पुन्हा नेहमीसारखा तिखट झाला होता.

जानकी उठली ती थेट रक्तदाबाचं मशीन घेऊन आली. तांडेलाच्या डाव्या दंडाला पट्टा बांधू लागली तेव्हा त्याने विचारलं, कित्याक? असाच, ती म्हणाली. एकशे अडतीसवर शहाऐंशी. तिने पट्टा सोडला, थोडा वेळ थांबली आणि पुन्हा बांधला. पुन्हा तेवढंच. मग मशीन डब्यात ठेवून ती आत गेली. शर्मिला तिच्यामागून जात होती, पण दारातच थांबली आणि अंगणातले कपडे काढायला वळली.

जानकीने तांदूळ धुतले, कोकमं भिजत घातली. आतून तिला तांडेलाची पाठ आणि त्याच्यासमोरचा पडदा दिसत होता. गुहा रिकामी झाली होती. कोपऱ्यात मात्र खेळातलं सगळं बोलणं ओळीने उतरलं होतं. तांडेल डाव्या हाताने ते वर वर सरकवत होता. शाळा चौथीपर्यंतची, इंग्रजी अक्षरं सावकाश लागायची. एका ओळीवर थांबायचा, ओठ हलायचे, मग पुढची. शेवटच्या ओळी सगळ्या सारख्याच होत्या, गणपतपासून सुरू होणाऱ्या.

बराच वेळ हात लावला नाही की तो पडदा आपोआप काळा होतो. काळा झाला. तांडेलाने एक बोट टेकवून तो पुन्हा उजळवला.

जानकीने विळीवर नारळ खवायला घेतला, आणि तिकडे पाठ केली.