निळ्या कोटातली बाई

बुरुजावर तोफ. तोफेशेजारी निळा कोट घातलेली बाई.

ताशी साठ वेगाची गाडी, ताशी चाळीसची गाडी. मधून चालत जाणारी बाई. कोट निळाच.

अंडी, शेपटीवाली पिल्लं, बेडूक. बेडकामागे पुन्हा तीच.

यंदा इतिहास, गणित, विज्ञान, सगळ्यांचे प्रकल्प संगणकावर करायचे होते, रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडून. टिल्लूने तिन्ही वेळेत केले. इतिहासाच्या सरांनी कपाळावर हात मारला.

"अगं, किल्ल्याला वेढा पडलाय आणि ही बाई कुठे निघाली, भाजी आणायला?"

वर्ग खिदळला.

"पुसून टाक तिला. नाहीतर प्रदर्शनात तुझं काही मांडायचं नाही."

टिल्लूची आई दूरच्या इस्पितळात नर्स होती, दोन वर्षांच्या करारावर. जाण्याआधी तिनेच चालणाऱ्या बाईची आठ चित्रं काढून दिली होती. चाल मात्र टिल्लूने बसवली. लांब पाऊल, थांब, आखूड पाऊल. आईचा डावा गुडघा दुखायचा. पावलांचा आवाज टेबलावर चमचा वाजवून भरला. थांबायचं ते ०.३ सेकंद की ०.४, यात अख्खा आठवडा गेला. डोळे मिटायचे, जिन्यावरची आई ऐकायची, आकडा बदलायचा. आता डोळे मिटून काही ऐकू येत नव्हतं. आकडा तेवढा ठोकळ्यात उरला होता.

संगणक शिकवणाऱ्या बाई शेजारी येऊन बसल्या.

"पुसायचं नाहीये ना?"

टिल्लूने नाकाने सूं केलं.

"मग 'लपव'चा ठोकळा लाव. दिसणार नाही, पण चालत राहील."

"सरांना कळलं तर?"

"त्यांना अजून माउस सरळ धरता येत नाही गं. लाव तू."

प्रदर्शनाच्या दिवशी बुरुजावर नुसती तोफ होती. "आता कसं!" सर खूश झाले.

तेवढ्यात स्पीकरमधून आलं, टाक... टिक. टाक... टिक. आवाजाचा ठोकळा काढायला दोघी साफ विसरल्या होत्या.

सरांनी वाकून पडद्यामागे पाहिलं. "कोण चालतंय?"

टिल्लू पडद्याकडे बघतच नव्हती. ती वर्गाच्या दाराकडे बघत होती.

आई निघाली त्या दिवशी खूप उकडत होतं, आणि निळा कोट तिने घरी खुंटीवरच ठेवला होता.