झाकणाखालची विहीर आणि मी

मित्रांनो, घाबरू नका. जमिनीखालून ही जी घरघर ऐकू येते आहे, ती भुताची नाही, माझी आहे. मी एक जुना, पाण्यात बुडून राहणारा पंप आहे. बोअरच्या अंधारात लोखंडी पाइपला लटकून असतो. इथे भूत आहे, पण ते मी नव्हे.

कारखान्यातले माझे सोबती शेतांत आणि इमारतींत गेले, गोड्या पाण्यात सुखाने नांदले. माझ्या नशिबी मात्र एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाची मागची बाजू आली. तिथली जमिनीत पुरलेली टाकी गंजून गळत होती आणि वर कोणाला त्याचा पत्ता नव्हता. पेट्रोल मातीतून झिरपले, खालच्या पाण्यावर तरंगत पसरले आणि कुंपणापलीकडच्या रोपवाटिकेच्या विहिरीत शिरले.

रोपवाटिका एका विधवा बाईची होती. तिचे घर, तिची रोपे, तिची मुलगी, सगळे त्या एका विहिरीच्या जिवावर. पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागला आणि विहिरीवर झाकण ठोकले गेले, तेव्हा बाईच्या तोंडचे पाणी पळाले. तिचा धाकटा भाऊ भूजल अभियंता होता. तो धावत आला.

"ताई, घर विकू नकोस. तुझी विहीर मी धुऊन देतो."

"विहीर म्हणजे काय पातेलं आहे का रे, धुऊन द्यायला?" ताई म्हणाली. पण त्याच्या शब्दावर तिने घर राखले.

भावाने जीव ओतून आराखडा केला. गळकी टाकी रिकामी करवली आणि तिच्या व विहिरीच्या मधोमध माझी बोअर घेतली. मी पाणी उपसले की आजूबाजूचे पाणी माझ्याकडे ओढले जायचे आणि विहिरीकडे निघालेले पेट्रोल वाटेतच वळायचे. वर आलेल्या पाण्यावरचा तवंग एका टाकीत वेगळा व्हायचा, मग विरघळलेले पेट्रोल उडून जावे म्हणून उरलेल्या पाण्यातून उंच नळकांड्यात हवा सोडायची आणि शेवटी ते पाणी कोळशाच्या थरातून गाळायचे. लहान पंप लावून सावकाश उपसावे, असे त्याच्या मनात आधी होते. पण ताईला पाणी लवकर हवे होते, म्हणून त्याने मला, दांडग्याला, निवडले. मीही काही कमी नव्हतो. छाती फुगवून कामाला लागलो आणि बघायला येणाऱ्यांची शाबासकी खात राहिलो.

माझ्या ओढीने पाण्याची पातळी खोल गेली. तिच्यावर तरंगणारे पेट्रोलही खाली उतरले आणि उतरता उतरता मातीच्या कणाकणाला चिकटून राहिले. माझ्या डोक्यावरची ती सगळी माती वासाने भरली होती. पाणी मात्र स्वच्छ येऊ लागले.

अशा वेळी पंप बंद करून, पाणी मूळ पातळीला येऊ देऊन, बरेच दिवस थांबून पुन्हा तपासायचे असते. भावाला हे चांगले ठाऊक होते. पण ताई थकली होती. टँकरच्या पाण्यावर रोपे जगत नव्हती आणि घर बघायला गिऱ्हाईक येणार होते.

"ताई, गिऱ्हाइकाला परत पाठव," भाऊ म्हणाला. त्याने तिच्यासमोर पेलाभर पाणी पिऊन दाखवले, झाकण काढले आणि माझे बटण बंद केले.

त्यानंतरची शांतता मला अजून छळते. वर बादलीचा आवाज यायचा, मुलगी हसायची. खाली पाणी चढत होते. ते त्या मातीला भिडले, चिकटलेले पेट्रोल सुटू लागले आणि माझ्या अंगावरून विहिरीच्या दिशेने निघाले. ते कोणाकडे चालले आहे हे मला कळत होते. माझ्यात वीज नव्हती. मी नुसता लटकत राहिलो.

एका सकाळी माझ्या बोअरशेजारच्या कट्ट्यावर ताई मुलीची वेणी घालत होती.

"केस कशानं धुतलेस गं?"

"विहिरीच्या पाण्यानं. का गं आई?"

ताईने केस पुन्हा नाकाशी धरले. मग तिने भावाला बोलावून घेतले. त्याने भाचीच्या केसांचा वास घेतला.

"ताई, मी थांबायला हवं होतं."

"तू आमच्यासमोर प्यायलास ना," ताई म्हणाली, "म्हणून आम्ही प्यायलो."

ती ओरडली असती तर बरे झाले असते.

डॉक्टरांनी मुलीला तपासले, ती ठणठणीत आहे म्हणाले. तरी तिची आई आजही वेणी घालण्याआधी तिचे केस हुंगते. विहिरीवर पुन्हा झाकण आले. घर आता कोणी विकत घेत नाही. भावाने मला पुन्हा सुरू केले, यावेळी सावकाश, आणि तेव्हापासून मी चालतोच आहे. माझे बेअरिंग झिजले आहे. कोळसा वेळेवर बदलत नाहीत. शेजारचे लोक म्हणतात, ही कटकट एकदाची बंद करा.

परवा भाचीने विचारले, "मामा, झाकण कधी काढायचं?" पूर्वी त्याच्या जिभेवर उत्तर तयार असायचे.

"मला माहीत नाही, बाळा," तो म्हणाला.

मित्रांनो, जमिनीत सांडलेले दिसेनासे होते, पण जात नाही. म्हणून सांडण्याआधीच जपा. आणि पुन्हा कधी या बाजूला आलात, तर माझी घरघर ऐकू येते आहे तोवर त्या विहिरीचे पाणी पिऊ नका. घरघर थांबलेली असेल, तर मुळीच पिऊ नका.