पाच हूक आणि खोटी बटणं

"अगं, मान सोड माझी. शर्ट बेततेयस की गोणी?"

दादा हे माझ्या कानाशीच पुटपुटला, कारण मी त्याचा उजवा हात मांडीवर घेऊन बसले होते. सोडला की तो हात लोंबतो, आणि लोंबला की खांदा दुखतो, म्हणून माप घेताना कुणीतरी धरायचा असतो. वहिनी समोर उभी, तोंडात टाचण्या. टाचण्या असल्या की तिला उत्तर देता येत नाही, त्यामुळे दादाला जे काही बोलायचं असतं ते तो माप देतानाच उरकून घेतो.

"आरसा," तो म्हणाला. वहिनीने आरसा पुढे सरकवला.

माझ्या भावाने बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. आरसा, क्लच, ब्रेक या पलीकडे त्याला फारशी भाषा कधी लागलीच नाही. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याने भिंती, खांब, एक पाण्याचा टँकर असं सगळं चुकवलं आणि अंगावर एक ओरखडा येऊ दिला नाही. मग एका दुपारी माळ्यावरची सूटकेस काढताना स्टुलावरून खांद्यावर पडला. खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या शिरा तुटल्या. सूटकेस रिकामी होती.

तेव्हापासून घरात एक वाक्य आलं: हात आला की. हात आला की गाडी काढू. हात आला की माळा आवरू. अंगणात ती शिकवणीची गाडी कव्हर घालून उभी आहे. बॅटरी उतरू नये म्हणून वहिनी दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू करून बसते. तिला गाडी येत नाही. दादा खिडकीतून ओरडतो, "रेस नको देऊ!" आणि ती न दिलेली रेस कमी करते.

वहिनी कपडे अल्टर करते. दादाला रोज बटणं लावून द्यायची, हे तिला चालत होतं. त्याला चालत नव्हतं. म्हणून तिने शर्टाला वेल्क्रो लावलं. दादा तो शर्ट घालून बँकेत गेला, खिशातून पासबुक काढताना पुढची पट्टी चर्रर्र करून उघडली आणि रांगेतल्या सगळ्यांनी आपापली पॅन्ट तपासली. मग तिने लोहचुंबक शिवले. पहिल्याच दिवशी जेवताना चमचा दादाच्या छातीला जाऊन चिकटला. धुवायला टाकला तर मशीन शर्ट सोडेना. दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, हृदयाला यंत्र बसवलेल्या माणसाजवळ हे अजिबात नेऊ नका. शेवटी वहिनीने पॅन्टला असतात तसले चपटे हूक लावले, पाच, आणि वरून नुसती दिसायला बटणं टाकली. एका हाताने लागतं, एका हाताने निघतं, आणि कुणाला कळत नाही. दादाने तो शर्ट घातला आणि दिवसभर घरात विनाकारण फिरला.

व्यायामाच्या खोलीतल्या बाराजणांना वहिनीने तसे शर्ट शिवून दिले. मग आणखी लोक विचारू लागले. घरातल्या एका मशीनवर, बाकीची कामं सांभाळून, ते होण्यातलं नव्हतं.

एका ट्रस्टची जाहिरात मला दुकानात दिसली. मी झेरॉक्सच्या दुकानात काम करते आणि लोकांचे फॉर्म भरून देते. 'नुकतंच सुरू झालेलं, अजून नीट उभं न राहिलेलं, पण लोकांच्या उपयोगाचं काम' असेल तर ते लोक थोडी मदत देणार होते. वहिनी म्हणाली, "उभं न राहिलेलं? मग आपण बसतोय त्यात."

फॉर्म सोपा नव्हता. 'हे काम तुम्हीच का करावं?' या प्रश्नाला वहिनीने उत्तर दिलं, "मला येतं म्हणून." शब्दमर्यादा दोनशे होती. मी उरलेले एकशे सत्त्याण्णव घातले. 'काम करताना काय चुकलं?' यावर ती भराभरा बोलत गेली आणि मला जागा पुरेना. मशीनने धरून ठेवलेला शर्ट मी दोन ओळींत बसवला. 'वापरतानाचा फोटो' यासाठी दादा तयार झाला, पण गळ्यापासून कमरेपर्यंतच. "तोंड कशाला? तोंडाला हूक आहेत का?"

मग सातवा प्रश्न. 'पहिल्या वापरणाऱ्या व्यक्तीबद्दल सांगा. तिला याची गरज किती काळ राहील?'

मी तो मोठ्याने वाचला. वहिनीला एकदम गॅसवर काहीतरी ठेवल्याची आठवण झाली. दादा खिडकीशी जाऊन गाडीचं कव्हर नीट आहे का बघू लागला. मी आजवर लोकांच्या फॉर्मात एकही रकाना रिकामा सोडलेला नाही. मी लिहिलं, 'हात बरा होईपर्यंत.' परत वाचून दाखवलं. कुणी काही म्हटलं नाही, म्हणजे बरोबर असावं. पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी, दादाचं नव्या शर्टाचं हे माप चालू असतानाच, फोन आला. माझे दोन्ही हात दादाच्या हातात गुंतलेले, म्हणून वहिनीने टाचण्या काढून फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"ट्रस्टमधून बोलतेय," बाईंचा आवाज तरुण आणि फार नम्र होता. "समितीला तुमचं काम खूप आवडलं. मशीनने धरून ठेवलेला शर्ट तर सगळ्यांनी दोनदा वाचला."

वहिनी माझ्याकडे बघून हसली.

"एकच अडचण आहे. सातव्या प्रश्नात तुम्ही लिहिलंय, हात बरा होईपर्यंत. समितीतल्या एकांचं म्हणणं, मग ही तात्पुरती सोय झाली. तेवढे दिवस घरातलं कुणीही बटणं लावून देईल. त्यासाठी तुम्ही मागितलेलं नवीन मशीन, मदतनीस, साठ शर्टांचा खर्च कशाला? मला तुमची बाजू मांडायचीये, पण तुमच्याच फॉर्मात तसं आहे."

"ते वाक्य जरा…" मी म्हटलं, "घाईत झालं."

"बदलता येईल. पाच वाजता यादी बंद होते. मी इथेच दुरुस्त करते. काय लिहू?"

घड्याळात पाचला वीस मिनिटं होती. मी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मापाच्या पट्टीची गुंडाळी केली, सोडली, परत केली.

"डॉक्टर म्हणालेत, बघू," ती फोनला म्हणाली.

"हो का? कधी म्हणाले?"

"दोन वर्षं झाली."

मग बाई आणखी हळू बोलल्या, "मॅडम, तुम्ही नाही सांगितलं तरी चालेल. पण मग मला पुढे काही करता येणार नाही."

"नका करू," वहिनी म्हणाली. "आम्हाला नकोच ते. बाराजणांना दिलेत तेवढे पुष्कळ झाले. माझ्याच्याने नाही होत एवढं सगळं." कालच संध्याकाळी तिने नव्या मशीनला जागा करायला कपाट हलवलं होतं. मीच धरू लागले होते.

"वहिनी, अगं—"

"नको म्हटलं ना मी! आणि तू हात नीट धर, खाली येतोय."

दादाने तो हात माझ्या मांडीवरून डाव्या हाताने उचलला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. वस्तू जागेवर ठेवावी तसा. मग टाचण्या लावलेला अर्धवट शर्ट खांद्यावरून उतरवला, खुर्चीच्या पाठीवरचा जुना ओढून घेतला, आधी उजवी बाही, मग डावी, आणि वरपासून हूक लावत आला. कट, कट, कट. आम्ही कुणी मदत केली नाही. तिसरा एकदा निसटला, त्याने परत लावला. पाचवा लागल्यावर तो वहिनीकडे वळला.

"फोन इकडे कर."

"अहो, राहू द्या हो."

"इकडे कर, ब्रेक सोड," तो म्हणाला, आणि शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी सांगायचा तसं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून फोनमध्ये बोलला, "मॅडम, मी तो पहिला वापरणारा. लिहून घ्या. हात येणार नाही."