संत्र्याच्या रंगाखालची भेग

मी एक जुनं हेल्मेट आहे, मित्रांनो. अमरावतीजवळच्या वलगावात पुंजाराम पेंटरचं गाड्या ठोकून रंगवायचं वर्कशॉप आहे. त्याच्या दारावर दोन खिळ्यांना मला टांगलेलं आहे. दोन खिळे अशासाठी, की माझे आता दोन तुकडे आहेत. हळहळू नका. हे तुकडे व्हायला फार उशीर झाला, एवढंच माझं दुःख आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. वरून कडक कवच, आत थर्माकोलचा जाड थर आणि त्यावर मऊ गादी. आम्हा हेल्मेटांचं नशीब तिथंच ठरतं. एक जोराचा मार झेलायचा, आतला थर फुटू द्यायचा, माणसाचं डोकं वाचवायचं आणि कामातून जायचं. आमची हयात एका मारापुरतीच.

मला घरी आणलं पुंजारामच्या मुलानं, कुलदीपनं. मोटरसायकलच्या शर्यतींचं त्याला वेड होतं. बापानं मला वरूडच्या संत्र्यासारखा रंग दिला आणि कुलदीप मातीच्या ट्रॅकवर उतरला. लोकांना फक्त उडणारी धूळ दिसायची. मला त्याचा श्वास ऐकू यायचा. अवघड वळण आलं की तो स्वतःशीच म्हणायचा, "चाल बापू, चाल." हे त्याच्या आईलाही ठाऊक नव्हतं. आधी अकोला जिंकलं, मग नागपूर, आणि तिसऱ्या वर्षी पुण्याकडच्या भल्याभल्यांना धूळ चारून तो राज्याचा विजेता झाला. सत्काराला त्याच्या गळ्यात हार असायचे आणि काखेत मी. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला फार ऐट चढली होती.

चौथ्या वर्षी सरावात त्याची गाडी घसरली आणि त्याचं डोकं दगडावर आपटलं. तो मार मी झेलला. कुलदीप कपडे झटकत उठला आणि हसला. माझं काम झालं होतं. मला तिथंच सोडायला हवं होतं.

पण पुंजाराम मोठा कसबी. त्याने हात लावला, की आपण कुठे धडकलो होतो हे गाडीलाही आठवू नये. त्याने माझी गादी काढली. थर्माकोलमध्ये आरपार भेग होती. तो जरा थांबला. मग त्याने भेग चिकटवली, गादी परत बसवली, वरून पुट्टी घासली आणि ताजा रंग मारला. कुलदीपलाही मी लाभाचं वाटायचं, दुसरं हेल्मेट त्याला नकोच होतं. तरी त्याने विचारलं, "आतून बरं हाय ना, बाबा?"

"एकदम नवं हाय," पुंजाराम म्हणाला.

त्याला पोराचं वाईट करायचं नव्हतं, मित्रांनो. त्याला आपल्या हाताचा गर्व होता. जन्मभर त्याने चेपलेला पत्रा सरळ केला, आणि पत्रा सरळ होतो. मी पत्रा नव्हे.

पुढच्या शर्यतीआधी तपासणाऱ्यांनी मला फिरवून पाहिलं आणि चकाकी बघून पास केलं. तिसऱ्या फेरीत कुलदीप पुन्हा पडला. पडणं आधीपेक्षा हलकंच होतं, पण माझ्याजवळ त्याला द्यायला काही उरलं नव्हतं. "चाल बापू," एवढंच तो म्हणाला. पुढचा "चाल" माझ्या आतच राहिला. दुपारी वारा सुटला की मला तो अजून ऐकू येतो.

मग पाच वर्षं माझी जागा त्याच्या फोटोखाली होती. पुंजाराम मला रोज पुसायचा आणि त्याचा अंगठा नेमका त्या जागी येऊन अडायचा. ती भेग त्याला माहीत होती आणि मला. घरात तिसऱ्या कुणालाही नाही.

कुलदीपची धाकटी बहीण आरती तोवर गाडी पळवायला लागली होती. खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा चालली होती. आई जमुनानं हातोड्याला, पान्यांना कुंकू लावलं आणि मलाही लावलं. आरतीनं मला उचललं. अकोल्याच्या शर्यतीला दादाचंच हेल्मेट घालणार, असं तिनं सांगितलं. जमुनाचे डोळे भरून आले. भावाचा हात डोक्यावर राहील, ती म्हणाली. आरतीनं मला डोक्यावर चढवलं. तिचा श्वास हुबेहूब त्याच्यासारखाच होता. तेव्हा मला जी भीती वाटली, ती पडतानाही वाटली नव्हती.

"काढ ते," पुंजाराम म्हणाला.

"काहून?"

त्याने हातातली झेंडूची माळ खाली ठेवली. "ते फुटलेलं हाय, माय. तुह्या दादाच्या वक्ताले बी फुटलेलंच होतं. म्या पायलं होतं अन् म्याच बुजवलं."

जमुनानं कुंकवाची वाटी बाजूला सारली. आरतीनं मला काढून बापापुढे ठेवलं. पुंजारामनं पूजेतला हातोडा उचलला, कुंकू अजून ओलं होतं. एकाच घावात माझे दोन तुकडे झाले आणि रंगाखालची करडी भेग सगळ्यांना दिसली. आत अडकलेला तो शब्द मात्र बाहेर पडला नाही.

जमुना आजही नवऱ्याला ताट वाढते, पण त्याच्याशी बोलत नाही. आरती नवं हेल्मेट घालून अकोल्याला गेली, चौथी आली आणि धडधाकट घरी परतली. आता कुणी पडलेलं हेल्मेट रंगवायला आणलं, तर पुंजाराम काही समजावत बसत नाही. तो आणणाऱ्याचं बोट धरून माझ्या भेगेवर ठेवतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, डागडुजी करा. त्यांचं जरूर ऐका. माझं मागणं उलटं आहे. मार झेललेलं हेल्मेट जपू नका. फोडून टाका, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या डोक्यावर चढणार नाही.

पुंजारामच्या हातांची खोड मात्र गेलेली नाही. परवा दुपारी त्याने मला खाली उतरवलं आणि दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. अगदी नव्यासारखे जुळले. तो बराच वेळ तसाच धरून उभा होता. मग त्याने एकेक तुकडा परत आपापल्या खिळ्याला टांगला.